आडव्या बाटलीचा छेद

एका पक्षाच्या चिन्हावर निवडून यायचं आणि वर्ष उलटायच्या आत दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं, हे पाहून मराठवाड्यातली माणसं विटली आहेत. ‘पुढाऱ्यांना कशाला, थेट लोकांनाच विचारा ना,’ हे आता पारापारावर ऐकू येतं. संताप रास्तच आहे. पण लोकांना विचारलं की लोकांचाच कौल मिळतो, हे गृहीत धरू नका. कौल ठरतो अपूर्णांकाच्या छेदावर, म्हणजे मतं कितीपैकी मोजायची यावर.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, की पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला निम्मी मतं लागतात. पण झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्मी.

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात यादीवर ६०० महिला आहेत. त्यांतल्या १८० जणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेल्यात. उरल्या ४२०. त्यांतल्या ४०० मतदानाला आल्या. २९० आडवी, ११० उभी. शेकडा ७२ जणींना दुकान नको, तरी ते चालूच राहतं, कारण हवी होती किमान ३००. फडात कोयता चालवणाऱ्या बाईचं मत तिला न विचारताच उभ्या बाटलीत पडलं!

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. घरी बसणं आणि उभी बाटली यांचा परिणाम एकच, म्हणून दुकानबंदीच्या विरोधकांना केंद्रावर यायची गरजच नाही. ते आलेच नाहीत, तर जी बाई रांगेत दिसते ती आडवीवालीच, हे दुकानदाराच्या माणसांना चिठ्ठी न उघडता कळतं. मतदान गुप्त असूनही मत उघडं पडतं. (एरवी चिठ्ठी खरोखर गुप्त असते. बेलभंडारा उचलायला लावला म्हणून मत कुणाला बांधलं जात नाही, आणि ती शपथ मोडल्याने कुणाचं वाटोळंही होत नाही.)

इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदारांची हजेरी लागते, म्हणून तिथेही विरोधक ‘घरीच बसा’ असा प्रचार करतात. स्वित्झर्लंडमध्ये १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या, की संसदेचा कायदा लोकांपुढे येतो. हजेरीची अट नाही. मूठभरांनी गावाचा निर्णय घेऊ नये, ही आपल्या नियमामागची काळजी मला मान्य आहे. पण त्यासाठी गैरहजर बाईला दारूच्या बाजूने मोजणं मान्य नाही. छेद झालेल्या मतदानाचा धरावा, आणि मतदान साखर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, मजूर गावी परतल्यावरच घ्यावं.