आधी कोण, नंतर कोण: छोट्या घोड्यावरचा प्रायमर आणि सीलर

नांदेडच्या बाजारात रंगाच्या दुकानात "सीलर द्या" म्हटलं की समोर सँडिंग सीलरचा डबा येतो. त्यात दुकानदाराची चूक नाही. आपल्याकडे सीलर मागायला येतो तो सुतार, आणि सुताराचा सीलर लाकडावर सगळ्यात आधी बसतो. मेलामाइन किंवा लॅकर, म्हणजे वरचे पॉलिशचे हात, त्याच्यावर. मी छंद म्हणून प्लास्टिकचे छोटे घोडे खऱ्यासारखे रंगवतो, आणि मला हवा होता तसल्या तीन इंची घोड्यावर रंगकाम संपल्यावर मारायचा सीलर. "सीलर खालीच असतोय की मामा," असं त्यानं समजावलं आणि मी मान डोलावून डबा घरी आणला. एका मोडक्या घोड्याच्या खुरावर कुंचल्यानं लावून पाहिला. एनसी थिनर या जहाल द्रावकाचा माल तो, प्लास्टिकला थोडाच सोडतोय? जरा वेळानं बोट लावलं तर खुरावर बोटाचा ठसा उमटला.

तर आपल्या कामापुरतं: प्रायमर म्हणजे अस्तर, रंगाच्या खाली. सीलर म्हणजे वरचा हात, रंग झाल्यावर. प्रायमर खाली प्लास्टिकला किंवा रेझिनला धरतो आणि वरच्या रंगाला पाय रोवायला जागा देतो. सीलरचं काम हाताळणी, धूळ आणि घामट बोटं यांच्यापासून रंग सांभाळायचं, आणि चकाकी किती ठेवायची ते ठरवायचं. प्रायमर अपारदर्शक, सीलर पारदर्शक. इथवर सोपं आहे.

पण बाटलीत बघाल तर पांढरा प्रायमर आणि पाण्यावरचा मॅट वॉर्निश (म्हणजे बिनचकाकीचा सीलरच) दोन्ही दुधासारखे दिसतात. लेबल पुसट झालं असेल तर काळ्या प्लास्टिकच्या चमच्यावर एकेक थेंब पसरा आणि सुकू द्या. पांढरा राहिला तो प्रायमर. दूधपणा जाऊन चमचा काळाच दिसला तो वॉर्निश. हे घोड्यावर मारण्याआधी करा, कारण तयार कुमैतावर (काळ्या आयाळीच्या तांबूस घोड्यावर) चुकून प्रायमर गेला तर आठवड्याची मेहनत एका फवाऱ्यात चुन्यात जाते.

प्रायमर मारायचं एक कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: तो चुगली करतो. नुसत्या प्लास्टिकवर न दिसलेली साच्याची शिवण राखाडी प्रायमरच्या पहिल्या हाताला पोटाखालून कानापर्यंत लख्ख दिसते. मग पॉलिश पेपर घ्यायचा, घासायचं, पुन्हा पातळ हात. इथे प्रायमरची जात महत्त्वाची. वॅलेहो कंपनीचा सरफेस प्रायमर पाण्यावरचा, ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन. वास कमी, घरात चालतो. पण तो लगेच घासला तर रबरासारखा सोलून निघतो, निदान एक दिवस पडू द्यावा लागतो. मिस्टर सरफेसर हा जपानी प्रायमर लॅकर जातीचा, म्हणजे थिनरवरचा, भुकटी होऊन छान घासला जातो. त्यावरचा आकडा जितका मोठा तितका माल बारीक: 500 ओरखडे भरायला, 1500 शेवटच्या गुळगुळीत हाताला. मात्र त्याला खिडकी उघडी हवी आणि वाफा अडवणारा मास्क हवा. धुळीचा साधा मास्क तिथे कामाचा नाही. कोणताही प्रायमर असो, घोडा आधी भांड्याच्या साबणानं धुवायचाच.

रंग प्रायमरचा, चकाकी सीलरची, असं मी लक्षात ठेवतो. माळेगावच्या यात्रेत नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, पाहिला असेल तर त्याच्या नाकाडाची गुलाबी कातडी आठवा. ती राखाडी अस्तरावर मेल्यासारखी दिसते, तिथे पांढराच प्रायमर हवा. मुश्कीला, म्हणजे काळ्या घोड्याला, काळा चालतो. सीलर निवडताना मात्र घोड्याची जात नाही, अंगाचा आकार बघायचा. खरा घोडा खरारा केल्यावर उन्हात झळकतो. तीच झळक तीन इंचांवर आणली की जत्रेतलं खेळणं होतं. अंगाला मॅट किंवा फार तर सॅटिन, म्हणजे अर्ध्या चकाकीचा, बरा.

आता जिथे खरा घोळ होतो ते. बरेच जण छोटे घोडे सुक्या पेस्टलनं रंगवतात: कांडी ब्लेडनं खरवडून तिची भुकटी मऊ कुंचल्यानं चोळायची. दोन-तीन थरांनंतर भुकटी बसायची थांबते, नुसती घसरते. मग मॅट सीलरचा हलका फवारा, सुकवणं, पुन्हा भुकटी. म्हणजे इथे सीलर मध्येच येतो आणि चक्क प्रायमरचं काम करतो, वरच्या थराला पकड देतो. त्या दुकानदाराचं म्हणणं इथे निम्मं खरं ठरतं! या कामाला ग्लॉस, म्हणजे चकचकीत सीलर, चालत नाही, त्याच्यावर भुकटीला धरायला काही उरत नाही. फवारा ओला पडला तर भुकटीचे डाग धरतात, आणि सील केल्यावर रंग थोडा गडद होतो. म्हणून फिकट छटा मी जरा जास्तच चढवतो.

एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबानं रंग उडवणाऱ्या बारीक फवारणीची, मांडणी दोघांसाठी वेगळी ठेवावी लागते. प्रायमर जड, 0.2 मिमीची नोझल तो तुंबवतो, 0.4-0.5 सुखाची, हवेचा दाब 20 ते 25 पीएसआय (दाब मोजायचं एकक). सीलरला 15-20 पुरतो. अंतर चार-पाच बोटं. डब्यातला स्प्रे असेल तर वीतभर. दोन्ही पातळच मारायचे, पण कारणं निराळी. जाड प्रायमर मारवाडी जातीच्या घोड्याच्या वळलेल्या कानांची टोकं आणि आयाळीच्या रेषा बुजवतो. जाड मॅट सीलर मुश्कीवर धुकं आणतो, त्यातल्या मॅट करणाऱ्या पुडीमुळे. ती तळाशी बसते, बाटली मन लावून हलवा.

आणि हवामान. मे महिन्यात पारा 42 वर असताना प्रायमर घोड्यापर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि अंगावर वाळू पडल्यासारखा खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी सहाला काम उरकायचं, रिटार्डरचे, म्हणजे सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे, थोडे थेंब टाकायचे. सीलरचं उलट. त्याला उन्हाळ्यापेक्षा श्रावणाची भीती जास्त. लॅकर सीलर दमट हवेत मारला की पांढरट साय धरतो. पावसाच्या दिवसांत मी प्रायमर मारून ठेवतो आणि सीलर उघडिपीसाठी राखतो.

सगळं सुकलं की शेवटी डोळ्यांवर आणि ओल्या नाकपुड्यांवर ग्लॉस वॉर्निशचा टिपका. तो एअरब्रशनं नाही. शून्य नंबरचा कुंचला पुरतो.