‘लो टेम्परेचर’ या नावाचा गुंता

डिचोलीच्या कुंभाराची भट्टी कमी तापली तर मडकं कच्चं राहतं, पण ते मडकंच असतं. लिथियम बॅटरीच्या कॅथोडचं, म्हणजे धन टोकाचं, तसं नाही. त्याची पूड कमी तापली तर हाती येतो तो दुसराच पदार्थ.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइड कॅथोड म्हणून १९८० साली पुढे आलं, १९९१ साली त्याची बॅटरी बाजारात आली. भाजणी ८०० ते ९०० अंश सेल्सियसची. पुढच्याच वर्षांत तीच पूड ४०० अंशांना भाजून पाहिली गेली आणि तिला ‘एलटी’, म्हणजे लो टेम्परेचर, असं नाव पडलं. जुनी झाली ‘एचटी’. घोळ इथेच झाला. थंडीत चालणारी बॅटरी असा अर्थ आजही लोक लावतात. नाव मात्र फक्त भट्टीचं.

एचटीमध्ये लिथियम आणि कोबाल्ट वेगवेगळ्या थरांत असतात, एलटीमध्ये थोडा कोबाल्ट लिथियमच्या थरात शिरलेला असतो. व्होल्टेज ३.९ ऐवजी ३.५च्या आसपास उतरतं आणि चार्ज-डिस्चार्ज करता करता क्षमता लवकर गळते. रचना तपासणाऱ्या क्ष-किरणांच्या आलेखात ६५-६६ अंशांच्या कोनापाशी एचटीची दोन शिखरं सुटी दिसतात, एलटीचं एकच. एलटीची रचना थरांची की स्पायनलची (अणू तिन्ही दिशांनी गुंफलेली), हा वाद त्या एका शिखरावर रंगला, कारण थरांची मापं एका विशिष्ट प्रमाणात असतील तर दोन्हींचे आलेख तंतोतंत जुळतात. त्याच दशकात थरांची ‘एचटी’ रचना आयन-अदलाबदलीने (तयार थरांतले आयन काढून त्या जागी लिथियम बसवून) जेमतेम १०० अंशांना बनवली गेली! तेव्हाच ही नावं मोडीत काढायला हवी होती. पदार्थाला नाव रचनेवरून द्यावं, भट्टीच्या काट्यावरून नव्हे.

आता कॅथोडमध्ये बराच भर निकेलवर आहे. निकेल, मँगनीज, कोबाल्ट समसमान असतील तर ९०० अंशांच्या वर भाजलेलं चालतं. निकेल ८० टक्के झालं की साधारण ७५० ते ८०० अंश आणि सोबत ऑक्सिजनचा झोत लागतो. जास्त तापवलं की लिथियम उडून जातं आणि जवळपास त्याच आकाराचं निकेल त्याच्या जागी बसतं. उडणार हे धरूनच लिथियम थोडं जास्त घालतात. उरलेलं कणांवर साचतं आणि हवेतला ओलावा नि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत अशी पूड उघडी राहिली, की इलेक्ट्रोडसाठी घोटलेलं मिश्रण जेलीसारखं थिजतं आणि पातळ फॉइलवर पसरतच नाही.