वर्ग ७ चा फलक: कमी किरणोत्सारी मालावरच्या खुणा कशा ठरत गेल्या

किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीवर पहिली बंधने आली ती फोटोच्या फिल्मच्या काळजीपोटी. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांना लागणारे रेडियम टपालाने आणि रेल्वेने सर्रास ये-जा करीत असे. त्याच डब्यात, कधी त्याच थैल्यांशेजारी, न धुतलेल्या फिल्मची पाकिटे असत. मुक्कामी पोहोचेपर्यंत ती काळवंडलेली असत. किरणोत्साराचा शोध लावणारे आँरी बेकरेल यांना १८९६ मध्ये झाकून ठेवलेल्या फोटोच्या काचेवर जे दिसले होते, तेच इथे ग्राहकांच्या मालावर घडत होते. तक्रारी वाढल्या आणि १९३६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने किरणोत्सारी पदार्थ टपालाने पाठवायला बंदी घातली. थैल्या उचलणाऱ्या माणसांच्या हातापाठीचा विचार त्या वेळी जवळपास कुणाच्याच मनात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बंदी टिकणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज या अणुकेंद्रातून अणुभट्टीत तयार झालेल्या समस्थानिकांचे, म्हणजे मूलद्रव्यांच्या किरणोत्सारी प्रकारांचे, नागरी वाटप सुरू झाले. पहिली खेप कार्बन-१४ ची होती आणि ती सेंट लुईसच्या एका कर्करोग रुग्णालयाकडे गेली. असा माल दर आठवड्याला निघणार, तर नियम हवेतच. एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबली इव्हान्स यांच्या समितीने ते आखून दिले आणि अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने ते स्वीकारले. त्यातली मुख्य मर्यादा अशी: खोक्यापासून एक मीटरवर किरणोत्साराचा दर ताशी १० मिलिराँटजेनपेक्षा जास्त नसावा (राँटजेन हे किरणोत्सार मोजण्याचे तेव्हाचे एकक).

हा १० चा आकडा कुठून आला, हे नीट पाहण्यासारखे आहे. फिल्मची पेटी खोक्यापासून १५ फुटांवर आहे आणि प्रवास २४ तासांचा आहे असे धरले, तर या मर्यादेत फिल्मला साधारण साडेअकरा मिलिराँटजेन मिळतात. तेवढे फिल्मला सोसते. म्हणजे आजही जगभरच्या प्रत्येक पिवळ्या लेबलवर एक मीटरवरच्या दराचा जो आकडा ‘ट्रान्सपोर्ट इंडेक्स’ म्हणून लिहितात आणि ज्याची कमाल मर्यादा सर्वसाधारण वाहतुकीत १० आहे, तो मुळात फिल्मवरून बेतलेला आहे. नशिबाने तो माणसांनाही पुरेसा सुरक्षित निघाला. फिल्मपासून किती अंतर राखायचे याची तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांत अजून आहे: एका खेपेमागे फिल्मला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये (सिव्हर्ट हे मात्रेचे आजचे एकक).

किरणोत्साराचा इशारा देणारे तीन पात्यांचे चिन्हही १९४६ चेच. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रेडिएशन प्रयोगशाळेत काढले गेले. सुरुवातीला निळ्या पार्श्वभूमीवर किरमिजी रंगाची पाती होती. ओक रिजच्या लोकांना उघड्यावर निळा रंग उठून दिसेना, म्हणून त्यांनी पिवळा घेतला. वाहतुकीच्या लेबलवर पुढे पाती काळी झाली.

आंतरराष्ट्रीय आणि एकसारखे नियम यायला आणखी पंधरा वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीचे नियम सुचवण्याचे काम तिच्याकडे सोपवले आणि १९६१ मध्ये पहिली नियमावली निघाली. धोकादायक मालाच्या नऊ वर्गांत किरणोत्सारी मालाला सातवा क्रमांक मिळाला. लेबलच्या खालच्या टोकाला दिसणारा ७ तो हाच. या नियमावलीचा पाया एका वाक्यात सांगता येतो: सुरक्षितता वेष्टनात बांधून पाठवायची, ट्रकवाल्याच्या अंगावर टाकायची नाही. माल ओळखणे, मोजणे, योग्य डब्यात भरणे, खूण करणे ही सगळी जबाबदारी पाठवणाऱ्याची. वाहतूकदाराने खुणा वाचून अंतर राखायचे. मला हा नियमावलीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण त्यामुळे खूण हीच दोघांमधली एकमेव भाषा ठरली. ती चुकली, तर पुढचे सगळे चुकते.

आता कमी किरणोत्सारी मालाकडे. युरेनियमचे खनिज, त्यापासून काढलेली युरेनियमची पिवळी भुकटी, थोरियम असलेली मोनाझाइटची वाळू, दवाखान्यातले आणि अणुभट्टीतले वापरलेले हातमोजे व चिंध्या, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ या सगळ्यात किरणोत्सार असतो, पण मोठ्या ढिगात तो पातळ पसरलेला असतो. त्यासाठी अपघात सोसणारी जड शिशाची भांडी वापरायची म्हटली, तर खाणीतून काही हलणारच नाही. म्हणून नियमकर्त्यांनी प्रश्न उलटा विचारला. डबा फुटला, भुकटी उडाली, तर जवळच्या माणसाच्या पोटात किंवा फुप्फुसात साधारण किती जाईल? दहा मिलिग्रॅम धरूया. एवढ्याने जर मान्य मात्रा ओलांडली जात नसेल, तर त्या मालाला साधी वेष्टने चालतील. ‘लो स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी’, म्हणजे व्यवहारात एलएसए, हा गट या हिशेबातून उभा राहिला.

नियमावलीच्या १९८५ च्या आवृत्तीने या गटाचे तीन भाग केले. एलएसए-१ मध्ये खनिजे आणि नैसर्गिक युरेनियम-थोरियम. एलएसए-२ मध्ये थोडा अधिक तीव्र, पण सगळीकडे विखुरलेला माल. एलएसए-३ मध्ये सिमेंटसारख्या घन पदार्थात एकजीव केलेला माल, तोही भुकटीच्या रूपात नसलेला. ज्या वस्तू स्वतः किरणोत्सारी नाहीत, पण पृष्ठभागावर डाग बसला आहे, त्यांचा एससीओ (‘सरफेस कंटॅमिनेटेड ऑब्जेक्ट’) हा वेगळा गट झाला. वेष्टनांनाही आयपी-१, आयपी-२, आयपी-३ (आयपी म्हणजे ‘इंडस्ट्रियल पॅकेज’) अशा पायऱ्या मिळाल्या आणि त्या पायरीचे नाव डब्यावर लिहिणे बंधनकारक झाले. सवलतीला एक अटही जोडली होती: वेष्टन काढून टाकले आणि तीन मीटरवर उभे राहिले, तरी दर ताशी १० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये.

सवलतीचा माल रस्त्यावर सांडला तर काय होते, याचा धडा अमेरिकेला सप्टेंबर १९७७ मध्ये मिळाला होता. कोलोरॅडोतल्या स्प्रिंगफील्ड गावाजवळ युरेनियमच्या पिवळ्या भुकटीचे ड्रम नेणारा ट्रक रात्री रस्त्यावर आलेल्या घोड्यांना धडकून उलटला. ड्रमची झाकणे उघडली आणि पाच टनांहून अधिक भुकटी बाहेर आली. अशा माळरानावर सर्वांत आधी पोहोचतात ते गावचे पोलीस आणि अग्निशमन दल. त्यांच्या हातात मोजमापाचे यंत्र नसते. त्यांना डोळ्यांनी वाचता येईल तेवढेच कळते.

त्यापेक्षाही बोलकी घटना २५ ऑगस्ट १९८४ ची. ‘माँ लुई’ हे फ्रेंच मालवाहू जहाज बेल्जियमच्या ओस्टेंडजवळ एका प्रवासी फेरीबोटीला धडकून बुडाले. पोटात युरेनियम हेक्झाफ्लोराइडचे, म्हणजे युरेनियम आणि फ्लोरिनच्या संयुगाचे, ३० भरलेले सिलिंडर होते आणि जहाज सोव्हिएत संघातल्या रिगाकडे निघाले होते. आत काय आहे हे लोकांना कळले ते ग्रीनपीसने जाहीर केल्यावर. सगळे सिलिंडर पुढच्या काही आठवड्यांत वर काढले गेले, पण लक्षात राहिला तो वेगळाच मुद्दा. किरणोत्साराच्या मापाने हा माल कमी प्रतीचा, पण पाण्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते, आणि ते माणसाला किरणांच्या कितीतरी आधी मारू शकते. फक्त तीन पाती दाखवणारे लेबल इथे खरा धोका सांगतच नव्हते. पुढे या मालासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आणि वर्ग ७ च्या लेबलशेजारी संक्षारक, म्हणजे कातडी आणि धातू खाणाऱ्या, मालाचे वर्ग ८ चे लेबलही लावणे आवश्यक झाले.

उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांकडे असलेल्या आपत्कालीन मार्गदर्शक पुस्तिकेत हा फरक आज स्पष्ट दिसतो. धोकादायक मालाच्या प्रत्येक प्रकाराला चार अंकी यूएन क्रमांक असतो. फलकावर २९१२, म्हणजे एलएसए-१, वाचले की पुस्तिकेतले १६२ क्रमांकाचे पान उघडायचे. तिथे सांगितले आहे की जखमींचा जीव वाचवणे हे किरणोत्सार मोजण्यापेक्षा महत्त्वाचे. २९७८ वाचले, म्हणजे हेक्झाफ्लोराइड, की पान १६६. तिथे थेट मालावर पाणी मारू नका असा इशारा आहे. एका चार अंकी क्रमांकाने माणसांचे वागणे पूर्ण बदलते. म्हणून १९९६ च्या आवृत्तीने यूएन क्रमांकाची सक्ती अगदी ‘एक्सेप्टेड’, म्हणजे नाममात्र किरणोत्सार असलेल्या खोक्यांपर्यंत नेली, याला मी कागदी सोपस्कार म्हणणार नाही.

प्रत्यक्ष खूण कशी असते ते जवळून पाहू. नवी मुंबईत वाशीला ‘ब्रिट’ म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा परिसर आहे. देशभरातल्या रुग्णालयांकडे समस्थानिके इथून जातात. थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ घेऊन निघणारा खोका घ्या. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर, टोकावर उभा केलेला, १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन चिकटवलेला असतो. वरचा अर्धा भाग पिवळा, त्यात काळी तीन पाती. खालच्या पांढऱ्या भागात आतल्या समस्थानिकाचे नाव, मग बेक्वेरेल या एककात किरणोत्साराची तीव्रता, मग चौकटीत ट्रान्सपोर्ट इंडेक्स. आणि लाल उभ्या रेघा. एक रेघ आणि सगळे लेबल पांढरे, म्हणजे पृष्ठभागावर ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत. दोन रेघा पिवळ्यावर, म्हणजे ५०० मायक्रोसिव्हर्टपर्यंत आणि इंडेक्स १ पर्यंत. तीन रेघा, म्हणजे २ मिलिसिव्हर्टपर्यंत आणि इंडेक्स १० पर्यंत. माल उतरवणाऱ्या हमालाला सिव्हर्ट माहीत असण्याची गरज नाही. रेघा मोजता आल्या की त्याला कळते, कोणते खोके केबिनपासून लांब ठेवायचे. एलएसए-१ असेल तर समस्थानिकाचे नावही लिहावे लागत नाही. ‘एलएसए-१’ एवढेच पुरते.

ट्रकवरचा फलक याच चौकोनाचा मोठा भाऊ, किमान २५ सेंटिमीटर बाजूचा. तो दोन्ही बाजूंना आणि मागे लावतात. वेष्टनाशिवाय भरलेला एलएसए-१ माल, किंवा पूर्ण गाडी एकाच पाठवणाऱ्याने घेतली असून माल एकाच यूएन क्रमांकाचा आहे, अशा वेळी तो क्रमांकही फलकावर किंवा शेजारच्या नारिंगी पट्टीवर मोठ्या अक्षरात द्यावा लागतो. नाममात्र किरणोत्साराच्या खोक्यांना मात्र बाहेरून तीन पात्यांचे लेबल लागत नाही. पृष्ठभागावर ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी असल्याने बाहेर फक्त यूएन क्रमांक असतो आणि ‘रेडिओॲक्टिव्ह’ ही सूचना आत, डबा उघडणाऱ्याला दिसेल अशी. काही जणांना ही लपवाछपवी वाटते. मला ती प्रमाणाची जाण वाटते. सगळ्यावरच तीन पाती चिकटवली, तर तीन लाल रेघांच्या खोक्याकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागतील. त्याच कारणाने माल उतरल्यावर फलक काढणे किंवा झाकणे ही नियमातली अट आहे. रिकाम्या गाडीवर राहिलेला फलक अपघातात बचावपथकाची बहुमोल मिनिटे खातो.

तीन पाती ओळखीची नसलेल्यांचे काय, हा प्रश्न १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात आणि २००० मध्ये थायलंडच्या समुत प्राकानमध्ये फार महाग पडला. दोन्हीकडे भंगार गोळा करणाऱ्यांनी उपचारयंत्रांतले तीव्र स्रोत फोडले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला, तेव्हा तीच वेदना आपल्याकडे आली. २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेले लाल पूरक चिन्ह आले, पण ते तीव्र स्रोताच्या यंत्रावर, उघडताना दिसेल अशा जागी लावायचे आहे. वाहतुकीच्या खोक्यावर नाही.

भारतातली चौकट १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली उभी राहिली. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये मुंबईत स्थापन झाले, वाहतुकीची पहिली संहिता १९८६ मध्ये आली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. झारखंडच्या जादुगुडातून हैदराबादच्या अणुइंधन संकुलाकडे जाणारी युरेनियमची भुकटी असो की वाशीचा खोका, खुणा वरच्याच. रस्त्यापुरते १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आणखी दोन गोष्टी मागतात. एक, गाडीवर आपत्कालीन माहितीची पाटी: मालाचे नाव, यूएन क्रमांक, पाठवणाऱ्याचा आणि तज्ज्ञ सल्ल्याचा दूरध्वनी. दोन, चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी आणि त्याने धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतलेले असावे.

अडचण आता दुसऱ्या टोकाला आहे. विमान कंपन्या, जहाज कंपन्या आणि बंदरे वर्ग ७ चा चौकोन पाहूनच माल नाकारतात, इंडेक्स काय आहे हे न वाचता. हे इतके वाढले की अणुऊर्जा संस्थेला २००६ मध्ये अशा नकारांसाठी आंतरराष्ट्रीय सुकाणू समिती नेमावी लागली. रुग्णालयांतल्या स्कॅनसाठी लागणाऱ्या मोलिब्डेनम-९९ या समस्थानिकाचे अर्धायुष्य, म्हणजे अर्धे उरायला लागणारा वेळ, ६६ तास. विमानतळावर खोका एक दिवस अडकला की त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो आणि तिकडे स्कॅनसाठी नंबर लावलेल्या रुग्णांना पुढची तारीख मिळते. चालकांच्या प्रशिक्षणाची अट आपण घातली, तशीच ती मालाची नोंदणी करणाऱ्या खिडकीवरच्या माणसांनाही हवी. लाल रेघा मोजायला आणि चौकटीतला आकडा वाचायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागत नाही.