गीझर विझतो, पण गॅस गोठलेला नसतो

ग्वाल्हेरात कडाक्याची थंडी पडली आणि गॅस गीझर पेटून लगेच विझायला लागला, की शहराच्या लष्कर भागात एकच निदान ऐकू येतं: सिलिंडरमधला गॅस गोठला. मग सिलिंडर आडवा करतात, वर उकळतं पाणी ओततात. कृपा करून असं करू नका! सिलिंडरमधला ब्यूटेन वायू गोठायला उणे १३८ अंश लागतात. उलट आडव्या सिलिंडरमधला द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आधी पाण्याकडे बघा. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हाच गॅसची वाट उघडते; पाणी आत येतं तिथल्या जाळीत गाळ साचला की ती मिटते. बर्नरजवळच्या सेन्सरवर काजळी असेल, तरीही ज्योत टिकत नाही. सेलही बदलून पाहा.

आणि न्हाणीघर बंद असताना विझला, तर पुन्हा पेटवू नका. आधी बाहेर या.