बाष्प वाढते सात टक्क्यांनी, पाऊस मात्र दोन-तीनच

तापमानवाढीमुळे ‘जलचक्र वेगवान होत आहे’ असे सर्रास लिहिले जाते. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली.

हवा तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते, हे क्लापेरॉन (१८३४) आणि क्लॉसियस (१८५०) यांच्या समीकरणातून कळते. एका अंशाला सुमारे ७ टक्के. बाष्प स्वतःच उष्णता अडवते, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. १९६७ मध्ये हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी दोन्ही धागे जोडले. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, कायम धरली, तर कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढते. बाष्पाचे प्रमाण गोठवून धरले, तर जेमतेम १.३. याची परीक्षा निसर्गानेच घेतली. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी उसळला, पृथ्वी थोडी थंडावली आणि उपग्रहांना हवेतले बाष्पही घटलेले दिसले.

पावसाचे गणित मात्र वेगळे निघाले, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते. ती अवकाशात टाकण्याची वातावरणाची क्षमता मर्यादित आहे, म्हणून जगाचा एकूण पाऊस अंशामागे २-३ टक्केच वाढतो. मग जास्तीचे बाष्प कुठे जाते? ते हवेत रेंगाळते. आज सरासरी आठ-नऊ दिवस असलेला त्याचा मुक्काम लांबतो. हवामानशास्त्रज्ञ आयझॅक हेल्ड आणि ब्रायन सोडेन यांनी २००६ मध्ये दाखवले की यामुळे उष्ण कटिबंधातले हवेचे अभिसरणही मंदावते.

एकेक वादळ मात्र आसपासचे बाष्प ओढून घेते, त्यामुळे मुसळधार सरी ७ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक तीव्र होतात. एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढत नसल्याने ही भर हलक्या सरींच्या आणि पावसाच्या दिवसांच्या मोबदल्यात येते. पूर आणि कोरड एकाच प्रदेशात का वाढू शकतात, याचे उत्तर इथे आहे. सरासरीवर समाधान मानणारे नियोजन म्हणूनच धोक्याचे वाटते.

समुद्रावर पर्जन्यमापके जवळपास नाहीत. तिथली साक्ष क्षारतेने, म्हणजे पाण्याच्या खारटपणाने दिली: पाऊस जास्त तिथे पाणी गोडे होते, बाष्पीभवन जास्त तिथे खारट. १९५० ते २००० या काळात खारट भाग अधिक खारट आणि कमी खारट भाग अधिक गोडे होत गेल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवर ‘ओले अधिक ओले, कोरडे अधिक कोरडे’ हा नियम इतका सरळ लागू पडत नाही, कारण तिथे बाष्पीभवन मातीत उरलेल्या ओलाव्यावर अवलंबून असते.