क्लच प्लेट किलोमीटरनं नाही, घसरून घसरून मरते

क्लच गेलाय हे कोल्हापूरकराला बहुतेक वेळा पन्हाळ्याच्या नाहीतर जोतिबाच्या चढाला कळतं. गावात महाद्वार रोडला, राजारामपुरीत गाडी नीट चाललेली असते आणि चढ लागला की इंजिन नुसतं गरजतं, आरपीएमचा काटा वर जातो पण स्पीड काही वाढत नाही, आणि थोड्या वेळात तो जळका वास. मग लगेच 'एवढ्यात कसा काय गेला, गाडी तर अजून एवढी फिरलीच नाही' असं होतं. पण क्लचचं आयुष्य किलोमीटरवर मोजायचंच नसतं, ती प्लेट किती वेळ घसरली आणि किती तापली यावर सगळं ठरतं.

आतली रचना तशी साधी आहे. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील, बाहेरच्या बाजूला प्रेशर प्लेट आणि या दोघांच्या मधे दाबून धरलेली, गिअरबॉक्सला जोडलेली क्लच प्लेट. पेडल दाबलं की हा दाब सुटतो. छोट्या गाडीत हा दाब साधारण ४०० किलो वजनाइतका असतो, प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षण होतं, त्यामुळे ११० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्कचं (म्हणजे फिरवायच्या ताकदीचं) इंजिन असलं तरी चांगला क्लच जवळजवळ त्याच्या दुप्पट ताकद न घसरता पेलतो. पेडल पूर्ण सोडलेलं असताना सगळं एकत्र फिरतं, घासत काहीच नाही, म्हणजे हायवेला पुण्यापर्यंत गेलात तरी प्लेट झिजत नाही म्हटलं तरी चालेल. झीज होते ती पेडल अर्धवट असताना, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो.

आता जोतिबाच्या यात्रेत चढावर गर्दीत अडकलाय आणि ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवलीय असं समजा. गाडी १००० किलोची, चढ १० मीटरला १ मीटर. गाडी मागं ओढणारा जोर साधारण ९८० न्यूटन होतो, पहिल्या गिअरमधून क्लचपर्यंत येईतो त्याचा टॉर्क २० न्यूटन मीटरच्या आसपास राहतो, ऐकायला किरकोळ वाटतं. पण इंजिन १५०० आरपीएमला फिरतंय आणि गिअरबॉक्सची बाजू जागेवर उभी आहे, म्हणजे हा सगळा फरक प्लेटवर घासून निघतोय, आणि त्याची उष्णता होते जवळजवळ ३ किलोवॅट. बाथरूममधला इन्स्टंट गीझर असतो ना, तेवढी उष्णता त्या पातळ प्लेटवर, तीही बंद डब्यात. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं गेलं की लायनिंगमधलं (प्लेटवरच्या घर्षणाच्या थरातलं) रेझिन जळायला लागतं, वास येतो तो त्याचाच, आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पकड आणखी कमी, मग आणखी घसरतं. ऊसाच्या सीझनला ट्रॉलीच्या मागं रांगताना पण हेच चालू असतं, फक्त हळूहळू. चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा, एवढं जरी केलं तरी क्लच कितीतरी जास्त टिकतो हे मी अगदी मनापासून सांगतोय.

क्लच खरंच गेलाय का, हे गिअरबॉक्स उतरवायच्या आधी बघायचं, कारण खरा खर्च आणि वेळ त्या उतरवण्यातच जातो. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०-५० च्या स्पीडनं जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि स्पीड मागंच राहिला तर क्लच स्लिप मारतोय. वरच्या गिअरलाच का, तर तिथं गाडी सहज पळत नाही, इंजिनाची पूर्ण ताकद क्लचला जास्त वेळ धरून ठेवावी लागते. आणि हो, केबलचा क्लच असेल तर आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल बघा. प्लेट झिजेल तशा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांची टोकं रिलीज बेअरिंगकडं (पेडल दाबल्यावर या बोटांना ढकलणारं बेअरिंग) सरकतात, केबलमधली ढील संपते, पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते, आणि ढील शून्य झाली की बेअरिंग कायम थोडं दाबलेलं राहतं. म्हणजे प्लेट शिल्लक असून पण क्लच घसरतो, आणि नुसती केबल ॲडजस्ट करून काम भागतं!

गिअरच पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, हा उलटा प्रकार. तिथं क्लच सुटत नाहीये, केबल ताणून ढिली झालीय किंवा हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर त्यात लीक नाहीतर हवा असू शकते, ते आधी बघायचं. पेडल दाबल्यावर आवाज आला तर संशय रिलीज बेअरिंगवर, आणि दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. गाडी उचलताना थरथरली तर प्लेटवर ऑइल आलंय का ते आणि इंजिन माउंटिंग, दोन्ही तपासा.

खोलायचंच ठरलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, एकेक बदलून परत गिअरबॉक्स उतरवण्यात काय अर्थ नाही. जुनी प्लेट हातात घेऊन बघा, लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून अर्धा मिलिमीटर पण वर राहिलं नसेल तर ती संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून घेता येतं, पण ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) असेल तर ते असं घासायचं नाही. क्रँकच्या मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर नवी प्लेट पण तेलकट होऊन घसरणार. आणि ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

बसवताना मिस्त्रीकडं दोन गोष्टींचा आग्रह धरा. प्लेट सेंटरिंग टूल (प्लेट बरोबर मध्यावर धरणारं हत्यार) घालूनच बसवायची आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. स्प्लाईनला (शाफ्टच्या ज्या खाचांवर प्लेट बसते त्यांना) ग्रीस अगदी थोडं, जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. गिअरबॉक्स वर चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकू द्यायचं नाही, प्लेट वाकली की क्लच नीट सुटत नाही आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. नवीन प्लेटला पृष्ठभाग एकमेकांत बसायला थोडे दिवस लागतात, त्यामुळे पहिले चारपाचशे किलोमीटर फुल लोड घेऊन गगनबावड्याचा घाट वगैरे नको, गावातल्या गावात शांतपणे चालवा.