सिनेमा बघायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही

मोठा ४के टीव्ही घरात आला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "आता याला जोडायला एक तगडा कॉम्प्युटर बांधू." तगडा म्हणजे काय, तर ग्राफिक्स कार्डवाला. इथे इंदुरात दुकानदारही तेच ऐकवतो, "भिया, फोर के चलाना है तो कार्ड तो लगेगा." मग हॉलमध्ये काचेच्या बाजूचं, रंगीत पंख्यांचं धूड येऊन बसतं आणि सिनेमातली कुजबुज त्याच्या घरघरीत ऐकू येत नाही. भाच्यांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांना तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गेमिंगचा कॉम्प्युटर तुम्हाला माहीतच आहे. तिथे प्रत्येक दृश्य त्या क्षणी गणित करून रंगवावं लागतं. ते काम कार्डावरचे शेकडो-हजारो छोटे कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, करतात, म्हणून कार्ड जितकं दांडगं तितका गेम सुरळीत. एवढं पुरे.

सिनेमाच्या फाइलमध्ये चित्र आधीच तयार असतं, फक्त दाबून लहान केलेलं. ते पुन्हा उलगडायचं, म्हणजे डीकोड करायचं. पाय घसरतो तो इथे. हे उलगडण्याचं काम गेम चालवणारे ते कोअर करतच नाहीत. त्यासाठी चिपच्या एका कोपऱ्यात वेगळा भाग असतो आणि कोणते फॉरमॅट, म्हणजे चित्र दाबण्याच्या कोणत्या पद्धती, त्याला जमतील हे चिप बनतानाच पक्कं झालेलं असतं. सोऱ्याला चकलीची चकती असेल तर लहान पोरही भराभर चकल्या पाडतं. नसेल तर पैलवानालासुद्धा एकेक हाताने वळत बसावं लागतं. कॉम्प्युटरमध्ये हे हाताने वळणं प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. तो तापतो, पंखा ओरडायला लागतो आणि भारी फाइल असेल तर चित्र अडखळतं.

म्हणून "कार्ड किती जीबीचं?" हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे, की कोणते फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडतात? एच.२६४ सगळीकडे असतं, त्याची चिंता नको. ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या) सिनेमांसाठी एचईव्हीसी १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचं, हवं. यूट्यूबवर ४के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतं, म्हणून तीही दोन हवीत. या यादीचा कार्डाच्या किमतीशी संबंध नाही, पिढीशी आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या गेमिंग कार्डात एव्ही१ डीकोडिंग नाही. जीटीएक्स १६५० मध्येही नाही. आणि इंटेलची एन१०० ही अवघ्या ६ वॅटची, २०२३ ची चिप या तिन्ही फॉरमॅटचं ४के आरामात उलगडते, तीही कार्डाशिवाय.

माझा खरा राग जीटी ७१० या कार्डावर आहे. "थोडं जुनं आहे, पण सिनेमाला चालतं" म्हणून ते अजून गळ्यात मारलं जातं. एचईव्हीसी त्याला हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही आणि त्याच्या एचडीएमआयमधून (टीव्हीला जोडायच्या वायरीतून) ४के ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, वर जात नाही. म्हणजे ज्या कामासाठी घेतलं तेवढंच त्याला येत नाही.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा हिशोब सोपा आहे. इंटेलच्या सातव्या पिढीपासून (डेस्कटॉपवर २०१७) एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ चा प्रश्न मिटला. डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून एव्ही१ चाही. नव्याने बांधत असाल तर आय३-१२१०० डोळे मिटून घ्या, पण डोळे मिटण्याआधी डब्यावरचं शेवटचं अक्षर वाचा. १२१००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. चार पैसे वाचतात आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे पण एव्ही१ नाही. ७००० मालिकेत, 'एफ' सोडून, सगळं आहे. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर दुकानांत जाण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून न्या, "आय३ द्या" एवढं म्हणू नका.

खरंच हार्डवेअर चालतंय का, हे घरी आल्यावर दोन मिनिटांत कळतं. सिनेमा लावा, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सवर, या. 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख वर गेलेला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत असेल तर जिंकलात. तो आलेख तळाला झोपलेला आणि सीपीयू चढलेला असेल तर हाताने वळणं चालू आहे. तेव्हा आधी प्लेअर बदलून बघा; व्हीएलसी किंवा कोडी टाका. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यायला लावू शकतो.

दुसरी फसगत मदरबोर्डाच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाच्या) मागच्या बाजूला असते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत डेस्कटॉप प्रोसेसरचं स्वतःचं एचडीएमआय १.४ होतं. बोर्डावर वेगळी चिप बसवलेली नसेल तर ४के ला ३० हर्ट्झच मिळणार. सिनेमा २४ फ्रेमचा, तो निभावून जाईल. पण एचडीआर नाही, माउस अडखळत सरकतो आणि ५० फ्रेमचं क्रिकेट डोळ्यांना खुपतं. बोर्डाच्या माहितीपानावर 'एचडीएमआय २.०' किंवा त्यापुढचं आणि '४के ६० हर्ट्झ' हे शब्द दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकी सगळं किरकोळ. ८ जीबी रॅम, छोटी एसएसडी, चांगल्या कंपनीचा साधा पॉवर सप्लाय. ७०० वॅटचा नको, इथे शंभर वॅटसुद्धा क्वचित लागतात. पंखा मोठा आणि संथ घ्या, समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. मे महिन्यात आपल्याकडे धूळ आणि उकाडा दोन्ही एकदम येतात. साउंड कार्ड अजिबात नको, आवाज एचडीएमआयमधूनच जातो. उलट ऑप्टिकल वायर लावलीत तर साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढंच पोचेल, ट्रूएचडी (डॉल्बीचा वरच्या दर्जाचा आवाज) त्यातून जात नाही.

कार्ड कुणी घ्यावं? गेमही त्याच मशीनवर खेळणाऱ्याने. आणि प्रोजेक्टरवाल्याने, जो मॅडव्हीआर नावाचं सॉफ्टवेअर लावून एचडीआरचा उजेड आपल्या पडद्याला जुळवून घेतो. ते मात्र खरोखर गेमवाल्या कोअरचं काम आहे, तिथे दांडगं कार्डच लागतं. असे लोक मला इंदुरात फार थोडे भेटलेत.

आणि घरात नेटफ्लिक्स-प्राइमशिवाय दुसरं काही लागतच नसेल, तर हा खटाटोपच करू नका. कॉपीच्या बंदोबस्तापायी कॉम्प्युटरवर ४के द्यायला या मंडळींच्या अटी फार. टीव्हीमधलं अ‍ॅप तेच चित्र विनातक्रार दाखवतं.